हजेरीचे पदक

मोहीमपदक म्हणजे हजेरीचे पदक, हा शेरा हुबळी-धारवाडसारख्या घाटमाथ्यापलीकडच्या शहरांत नौदलाच्या पदकाविषयी तर अधिकच सहजपणे मारला जातो. शौर्यपदक कर्तृत्वासाठी मिळते आणि मोहीमपदक ठरलेल्या काळात, ठरलेल्या क्षेत्रात सेवेत असल्याबद्दल मिळते, हा परिचित भेद त्यामागे असतो.

या शेऱ्याला पहिले उत्तर जहाजच देते. तोफ चालवणारा आणि इंजिनघरात राबणारा, ज्याला शत्रू कधी दिसतही नाही, या दोघांचा धोका वेगळा काढता येत नाही, कारण जहाज बुडते ते सर्वांना घेऊनच. ९ डिसेंबर १९७१ रोजी भारतीय नौदलाची युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाजावर ‘असणे’ हेच ‘करणे’ असते.

पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोवा मुक्त करणाऱ्या १९६१ च्या मोहिमेसाठी ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ या पदकाच्या फितीवर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी देण्यात आली. ज्या मोहिमेसाठी पदक मिळाले तिचे नाव सांगणारी ही धातूची अरुंद पट्टी असते. पदकाच्या दर्शनी बाजूवर भवानी तलवार आहे. पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेला हे चिन्ह शोभते, असे मराठी मनाला वाटेल. पण १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने हुबळी लुटली, हेही या शहराच्या इतिहासात आहे. चिन्ह आपला अर्थ स्वतः सांगत नाही, तो पाहणाऱ्याला लावावा लागतो.

पदकाचेही तसेच आहे, आणि येथे वरचे उत्तर डळमळते. याच मोहिमेत १८ डिसेंबर १९६१ रोजी कारवारसमोरील अंजदीव बेटावर नौसैनिकांची तुकडी उतरली आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात सात नौसैनिक मारले गेले. ताफ्याची सूत्रे रिअर ॲडमिरल भास्कर सोमण यांच्याकडे होती. होडी किनाऱ्याला लागताच ‘सर्वांचा धोका एकच’ हा युक्तिवाद संपतो: हुकूम देणारा अधिकारी जहाजावर राहतो, हुकूम पाळणारा वाळूवर उतरतो, आणि पदक मात्र दोघांना सारखेच मिळते. तेव्हा शेरा मारणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे मानावे लागते. मोहीमपदक हजेरीपलीकडे काही सिद्ध करत नाही.

पण तसा दावाही ते करत नाही, आणि यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. शौर्यपदकासोबत मानपत्र येते, त्यात कर्तृत्वाची कथा असते. मोहीमपदकाची कथा लिहून येत नाही, म्हणून ती सांगण्याची जबाबदारी ते धारण करणाऱ्यावर पडते, आणि अधिकाऱ्यावर ती अधिक पडते, कारण हजर कोणी आणि कोठे राहायचे हे त्याच्या हुकुमाने ठरलेले असते. स्वतःपुरते बोलून थांबणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर ते खरोखरच हजेरीचे पदक ठरते.

पट्टीवर ‘गोवा १९६१’ एवढेच आहे. अंजदीवचे नाव तेथे नाही.