चव कुणाची?

गेल्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी स्कॉटलंडहून आला. लफ्रॉइग नावाची व्हिस्की पेल्यात ओतून म्हणाला, "सर, आधी वास घ्या." मला इस्पितळ आठवले. तो हसला. आयला (शिवी नव्हे, बेटाचे नाव!) येथे भिजवून मोड आणलेले जव पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींच्या, धुरावर सुकवतात, मद्य ओकच्या पिंपात कायद्याने किमान ३ वर्षे मुरते, हे तर १० वर्षे मुरलेले. मग त्याने चार थेंब पाणी घातले. दुसऱ्या घोटाला मला धूर लागला, समुद्रही लागला! जीभ तीच, मग हा आस्वाद माझा की त्याचा? खोटे बोललो, असेही वाटेना. वर्गात कविता वाचण्यापूर्वीच मी "किती सुंदर!" म्हणतो, आणि चाळीस माना डोलतात. त्यांतल्या कुणाला आधी इस्पितळाचा वास आला होता, हे मी कधी विचारलेलेच नाही.