दुभाष्याची पारख

जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? माझ्या संग्रहात संगणकाची जुनी टर्मिनले आहेत. त्यांतले व्हीटी-100 डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने 1978 साली आणले. त्याला पडदा आहे, कळफलक आहे. पण आपला म्हणून कार्यक्रम चालवण्याची सोय नाही. दाबलेले अक्षर दूरच्या संगणकाला पोचवायचे, आलेले दाखवायचे, एवढेच काम. ते संवादाचे अर्धे अंग. पुसून कपाटात ठेवले तर पेटी टिकते, संवाद टिकत नाही.

म्हणून अनेक टर्मिनले नेटवर्कला जोडणारा टर्मिनल सर्व्हर हवा. त्याच कंपनीचा डेकसर्व्हर-200 कुळाला शोभणारा; आठ टर्मिनले सांभाळतो. परंतु तो 'लॅट' हीच बोली जाणतो आणि ती समजणारे संगणक आता विरळा. 'टेलनेट' जाणणारा एक सर्व्हर आहे, तो परक्या कुळातला. पण आजच्या संगणकाशी गाठ घालून देतो. कूळ मोठे की गाठ?

आपण दोन भाषांच्या शिवेवरची माणसे. दुभाष्या शब्द जसेच्या तसे पोचवतो का, सावकाश ऐकणाऱ्यासाठी थांबतो का, हे आपण पाहतो. टर्मिनलमध्ये मजकूर साठू लागला की तेही 'एक्सऑफ' ही खूण पाठवते : थांब. मग 'एक्सऑन' : चालू दे. ही खूण न मानणाऱ्या सर्व्हरच्या घाईत अक्षरे गळतात.

मी खूण पाळणारा टेलनेटचा सर्व्हर निवडला. मूळ जोडी तुटली, ही किंमत आहेच. तरी मला वाटते, जुन्याची गती सांभाळून त्याला आजच्या बोलण्यात घेणे, हीच त्याच्याशी खरी निष्ठा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही याहून वेगळे काय हवे असते?