साखळीची कोणती कडी?

गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगराकडे पाहिले म्हणजे अलीकडे सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या आणि पलीकडे जिवतीच्या पहाडावरील कोलाम-गोंडांचे गुडे एकाच दृष्टिक्षेपात येतात. आणि निजामाच्या अंमलापासून आजतागायत या राजुऱ्याच्या मुलखाला हुकमांची, फर्मानांची वा परिपत्रकांची वानवा कधी भासलेली नसली, तरी त्यांतील कितीकांच्या मागे हुकूम देणाराचे मन खरोखर उभे होते, याचा शोध घेऊ लागले की दफ्तरे फारशी मदत करीत नाहीत.

एका कार्यालयाच्या मासिक बैठकांना मी पुष्कळ वर्षे बसलो आहे. विषयपत्रिकेवर वीस-बावीस विषय असत, बहुतेकांपुढे ‘तातडीचे’ असा शेरा असे, आणि प्रत्येकाला दहा-बारा मिनिटे देऊन, एकाचाही निकाल न लावता, दिवेलागणीला आम्ही उठत असू. माणसे कामचुकार नव्हती. वरिष्ठही प्रामाणिक होते. परंतु सर्वच विषय अग्रक्रमाचे ठरल्यामुळे अग्रक्रम या शब्दाला अर्थच उरला नव्हता. संस्थेचा प्रमुख कशावर बोलतो यावरून नव्हे, तर त्याचे चित्त कोठे रेंगाळते आणि तो कोणते काम बाजूला ठेवण्याचे धैर्य दाखवितो, यावरून हाताखालची माणसे संस्थेचे प्रयोजन ओळखतात, असे माझे त्या अनुभवाअंती झालेले मत आहे.

या मताचा सर्वांत बोलका दाखला आमच्या शेजारीच आहे. 1982 साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात 1986च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेंदूपानांच्या एका गोदामात ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. आरंभी त्यांनी आदिवासींतील सिकलसेल या रक्तदोषाचा अभ्यास केला. शास्त्रदृष्ट्या तो मोलाचा होता, पण लोकांच्या मनात त्या प्रश्नाने मूळ धरले नाही, कारण तो प्रश्न लोकांनी मांडलेला नव्हता. ही चूक त्यांनी उघडपणे सांगितली आहे, आणि मला ती त्यांच्या यशाइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे गावोगावच्या स्त्रियांनी दारूचे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्यांनी ते आपले मानले. चळवळ उभी राहिली आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

दुसरी निवड याहून कठीण होती. एका पावसाळी संध्याकाळी आई आणि आजी एक तान्हे बाळ घेऊन डॉ. बंगांच्या घरी आल्या आणि तपासता तपासताच ते दगावले. ते का गेले, याचा विचार करताना डॉक्टरांना एक ना दोन, अठरा कारणे दिसली: दारिद्र्य, आईची उपासमार, मांत्रिकाकडे गेलेले दिवस, पूर आलेली आणि पूल नसलेली नदी. अठराही दूर करायची म्हटली तर पिढ्या लोटतील, या विचाराने कोणीही खचला असता. पण ही कारणे साखळीच्या कड्यांसारखी एकात एक गुंतलेली असतील, तर त्यांपैकी एखादी तुटली तरी साखळी तुटते, हे त्यांनी हेरले, आणि सारी शक्ती अशा कडीवर लावली की जी गावातल्याच बाईच्या हाताने तोडता येईल.

आता प्रत्यक्ष काम पाहा. अल्पशिक्षित सुईणीला बाळाचे श्वास साठापर्यंत मोजणे कठीण. म्हणून तिच्या हाती एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी दिल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मणी संपले, तर न्यूमोनिया समजायचा. पुढे 39 गावांत आरोग्यदूत स्त्रिया नवजात बालकांची घरोघरी काळजी घेऊ लागल्या, प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देऊ लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या हिशेबाने, 62 टक्क्यांनी उतरले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यावर एक रास्त आक्षेप येईल: मग दारिद्र्याचे काय, पुलाचे काय? ज्या बाईला पूर ओलांडता आला नाही, तिला निवडलेल्या कडीचे तत्त्वज्ञान सांगून समाधान कसे होणार? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. निवडीची किंमत नेहमी कोणीतरी भरीत असते, आणि जो प्रमुख ती किंमत कोण भरतो हे जाणत नाही, त्याची एकाग्रता आणि त्याची बेपर्वाई यांत फार अंतर उरत नाही. पूल बांधणे हे सरकारचे कर्तव्य होते आणि आहे. त्याचा तगादा थांबता कामा नये. परंतु पूल होईतो बाळांनी मरत राहावे, हा काही त्या आक्षेपाचा निष्कर्ष होऊ शकत नाही.

2011 सालापासून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांच्या हाती आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. जिवतीच्या गुड्यांवरही हेच दिवस आहेत.