एक व्हॉल्व्ह, दोन कारभारी

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना. गाळप हंगाम ऐन भरात होता. वाहनतळावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग लागली होती. सगळा कारखाना ४५ किलो दाबाच्या एका बॉयलरच्या वाफेवर चाले. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी निम्म्यावर राखायचं काम वर्षानुवर्षं आबांकडे होतं. पातळी फार चढली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं, फार उतरली तर नळ्या जळतात.

त्या वर्षी नव्या इंजिनिअरनं पातळीसाठी कंट्रोलर बसवला. पातळी घटली की तो फीडच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडे, वाढली की मिटे. दिवसपाळी सुरळीत गेली. रात्री साखरेच्या पॅननं एकदम वाफ ओढली. दाब उतरला, ड्रममधल्या उकळत्या पाण्यातले बुडबुडे फुगले आणि पातळी वर चढली. पाणी जास्त झालं असं समजून कंट्रोलरनं व्हॉल्व्ह मिटला. इकडे पाणी तर वाफ होऊन भराभर बाहेर चाललं होतं. बुडबुडे ओसरताच पातळी धाडकन कोसळली. सुरक्षा यंत्रणेनं भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, टाकणारे फीडर आणि पंखे बंद केले आणि पाठोपाठ मिलही थांबली.

"एकट्याच्यानं हे काम निभत नाही," असं म्हणून इंजिनिअरनं दुसऱ्या दिवशी आणखी एक कंट्रोलर जोडला. हा फीडच्या पाण्याचा प्रवाह मोजे आणि नेमून दिलेला आकडा राखू पाहे. दोघांच्या हुकमांची सरासरी काढून ती व्हॉल्व्हला जाई.

संध्याकाळी गाळप वाढलं, वाफ जास्त लागू लागली. पातळीवाला म्हणे, पाणी वाढवा. प्रवाहवाला म्हणे, नेमल्यापेक्षा जास्त जातंय, कमी करा. जोवर फरक उरतो तोवर जोर वाढवत न्यायचा, हा दोघांचाही धर्म. पडद्यावर एकाचा आकडा ६०, ७५, १०० असा चढत गेला. दुसऱ्याचा ४०, २५, शून्य असा उतरत गेला. व्हॉल्व्ह मात्र ५० टक्क्यांवर खिळून राहिला. दोघेही आपापल्या परीनं चोख होते, आणि ड्रममधलं पाणी उतरतच होतं. आबांनी व्हॉल्व्ह हातात घेतला म्हणून मिल वाचली.

"आबा, तुम्ही एकटे हे कसं सांभाळत होता?" इंजिनिअरनं विचारलं.

"साहेब, नुसत्या पातळीच्या काचेवर विसंबून मी कधी पाणी सोडलं नाही. पॅननं वाफ ओढली की आवाज बदलतो. मग काच काही का दाखवंना, जेवढी वाफ गेली तेवढं पाणी आधी सोडायचं. तेवढंच जातंय का, ते फीडच्या काट्यावर बघत हात चालवायचा. काचेकडं सगळ्यात शेवटी बघायचं, सावकाश. फुगवटा उतरला की ती खरं बोलते. मग थोडं कमी-जास्त करायचं."

इंजिनिअरनं वही काढून हाच क्रम मांडला. आता व्हॉल्व्हला हुकूम द्यायचा तो फक्त प्रवाहाच्या कंट्रोलरनं. त्यानं किती प्रवाह राखायचा, हे पातळीच्या कंट्रोलरनं ठरवायचं. शिवाय बाहेर जाणाऱ्या वाफेचं माप त्या आकड्यात थेट मिळवायचं, म्हणजे वाफेची ओढ वाढताच पाण्याची मागणीही वाढेल, फसव्या पातळीची वाट बघावी लागणार नाही. बॉयलरवाले याला थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात: पातळी, वाफ आणि पाणी.

जोडणी झाल्यावर त्यानं घाई केली नाही. पातळीचा कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून आधी प्रवाहाचा बसवला. सांगितलेला आकडा तो काही सेकंदांत गाठू लागला, तेव्हाच पातळीवाल्याला ऑटोवर घेतलं, आणि त्याला मुद्दाम संथ ठेवलं. वरचाही तितकाच उतावळा असता तर पहिला हुकूम तडीला जायच्या आत त्यानं दुसरा सोडला असता आणि पाणी सारखं वर-खाली झुलत राहिलं असतं.

रात्री पॅननं पुन्हा वाफ ओढली. पातळी थोडी फुगली, पण फीडचा प्रवाह वाफेमागोमाग वाढला. काही मिनिटांत पातळी निम्म्यावर येऊन ठरली. दोन्ही कंट्रोलर कालचेच होते. बदललं होतं ते त्यांचं नातं.

बोध: एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. काम अनेकांवर सोपवायचं असेल तर काय साधायचं हे एकानं ठरवावं आणि ते घडवून आणण्याचा हात दुसऱ्याचा असावा. हात चपळ हवा आणि ठरवणारा धीराचा. हात बसल्याशिवाय ठरवणाऱ्यानं कारभार हाती घेऊ नये. घर असो, संस्था असो की कारखाना, माणसं कितीही गुणी असली तरी ही घडी नसेल तर त्यांचा गुण एकमेकांना खोडण्यातच खर्च होतो.