सोय आणि साधना

खेळण्याविषयीं गंभीर निबंध लिहिणें कित्येक वाचकांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु मनुष्य पोटासाठीं जें करतो त्यापेक्षां करमणुकीसाठीं जें करतो त्यांत त्याच्या मनाचा कल अधिक निर्भेळपणें प्रकट होतो. कारण तेथें त्याला गरजेची सबब सांगतां येत नाहीं. म्हणून एका खेळण्यांत घडून आलेल्या स्थित्यंतराचा विचार करण्याचें आम्ही आज योजिलें आहे. रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविण्याचे लहान ट्रक हौशी लोक बाळगतात. त्यांतील नायट्रो इंधनावर चालणारें एंजिन काढून त्या जागीं ब्रशलेस जातीची विजेची मोटर बसविण्याचा प्रघात अमेरिकादि देशांतील हौशी मंडळींत आतां बराच रूढ झाला आहे. या बदलानें पुष्कळ त्रास वांचतो, हें उघड आहे. प्रश्न असा कीं, वांचलेल्या त्रासाबरोबर आणखीही कांहीं जातें काय. आणि जात असल्यास त्याबद्दल खेद मानावा काय?

प्रथम या यंत्राचें स्वरूप वाचकांपुढें ठेविलें पाहिजे. उदाहरणादाखल अमेरिकेंतील टेक्सस राज्यांतल्या ट्रॅक्सस कंपनीनें १९९९ सालीं काढलेला टी-मॅक्स हा ट्रक घेऊं. खऱ्या वाहनाच्या सुमारें एकदशांश मापाचा, थोराड चाकांचा आणि चारही चाकांस गति देणारा असा हा ट्रक. पुढें त्यांत जें एंजिन येऊं लागलें त्याचें आकारमान अवघें ३.३ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या एका चमच्यांत मावेल त्याहून कमीच. त्याचें इंधन मेथॅनॉल, नायट्रोमिथेन व वंगणाचें तेल यांच्या मिश्रणाचें असतें. नायट्रोमिथेनच्या रेणूंतच प्राणवायु असल्यामुळें त्यास जळावयाला बाहेरची हवा फार थोडी लागते. वजनानें पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात, तर नायट्रोमिथेनच्या एका भागास केवळ १.७. त्यामुळें तेवढ्याच हवेंत अधिक इंधन जाळतां येतें आणि चिमुकल्या सिलिंडरांतून अचंबा वाटावा इतकी शक्ति निघते. ठिणगी पाडण्याची योजना यांत नसते. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेचें वेटोळें आरंभीं सुमारें दीड व्होल्टच्या विजेनें लाल करावयाचें. एकदां एंजिन चालू झालें कीं दाबानें उत्पन्न होणारी उष्णता आणि मेथॅनॉलवर होणारी प्लॅटिनमची क्रिया यांच्या बळावर तें आपोआप तप्त राहतें.

असलें एंजिन मालकाकडून पुष्कळ सेवा घेतें. नवें असतां त्याचा दट्ट्या सिलिंडरच्या माथ्यापाशीं इतका घट्ट बसतो कीं, पहिल्या कांहीं टाक्यांचें इंधन अगदीं संथपणें जाळून त्याला वळण लावावें लागतें. कार्ब्युरेटरच्या सुया हवेंतील उष्म्याप्रमाणें व दमटपणाप्रमाणें किंचित् किंचित् फिरवाव्या लागतात. सकाळीं साधलेली जुळणी दुपारीं बिघडते. मिश्रण बरोबर आहे कीं नाहीं हें धुराच्या रेघेवरून, आवाजाच्या पट्टीवरून आणि सिलिंडरच्या माथ्यावर सोडलेला पाण्याचा थेंब किती वेळांत चुरचुरून उडतो त्यावरून ओळखावयाचें. खेळ संपल्यावर टाकी रिकामी करून एंजिनांत तेल सोडावयाचें. कारण मेथॅनॉल ओलावा ओढून घेतें व बेअरिंगांस गंज चढतो. एक तास खेळावयाचें तर दुसरा तास शुश्रूषेंत घालवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आतां परिवर्तनाकडे वळूं. एंजिन, क्लच, इंधनाची टाकी, धुराची नळी आणि वेग व ब्रेक सांभाळणारा सर्व्हो हीं सर्व काढून टाकावयाचीं. त्यांच्या जागीं मोटर, तिचा वेगनियंत्रक आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी येते. जुन्या धर्तीच्या मोटरींत कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर सतत घांसत असतात. ब्रशलेस मोटरींत चुंबक फिरतो, तारेच्या गुंडाळ्या स्थिर राहतात आणि कोणत्या गुंडाळींत कोणत्या क्षणीं प्रवाह सोडावा हें नियंत्रक ठरवितो. घांसून झिजण्याजोगें, बेअरिंगें वगळतां, फारसें कांहीं उरत नाहीं. मात्र हें काम दिसतें तितकें सरळ नाहीं. एंजिनाची शक्ति वेग वाढल्यावर प्रकट होते. मोटरीचा जोर स्तब्ध अवस्थेंतूनच पूर्णपणें लागतो. क्लचच्या सौम्य धक्क्यासाठीं घडविलेले दांडे आणि गिअर या नव्या धक्क्यानें पिळवटतात किंवा तुटतात. म्हणून दांत्यांचें प्रमाण नव्यानें बसवावें लागतें. मोटरीचें लहान चक्र व मोठें चक्र यांच्यामध्यें कागदाची पट्टी धरून त्यांतील फट साधावी लागते. टाकी व एंजिन गेल्यानें ढळलेला तोल बॅटरीची जागा निवडून सांवरावा लागतो.

याच बांध्याचा विजेवर चालणारा ई-मॅक्स नांवाचा ट्रकही त्याच कंपनीनें काढला होता. मग तयार वस्तु न घेतां जुन्या ट्रकाची मोडतोड कां करावी? कारण मालकाला सोय हवी असते. पण आपलाच ट्रक हवा असतो. येथें जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ज्याचें एंजिन गेलें तो ट्रक तोच राहिला काय? मिलिंद राजाशीं झालेल्या संवादांत भदंत नागसेनानें रथाचा असाच दाखला दिला आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजेही रथ नव्हे. या सर्वांच्या योगानें ‘रथ’ हें नांव व्यवहारांत येतें. हा न्याय लावला तर ट्रकाचें तेंच-पण हें कोणत्याही एका भागांत शोधणें व्यर्थ होय. आम्हांस हें मान्य आहे. परंतु त्यानें अर्धाच प्रश्न सुटतो. ट्रक तोच राहिला कीं नाहीं यापेक्षां त्याचा मालक तोच राहील कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या एंजिनानें त्याला कान देऊन ऐकावयास, धीर धरावयास आणि हवेचा रोख ओळखावयास शिकविलें तें गेल्यावर हे गुण त्याच्या ठिकाणीं कोण जागे ठेवणार?

या प्रश्नावर दोन पक्ष संभवतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, श्रम ही एक साधना आहे. ज्या सुखासाठीं कष्ट पडले नाहींत त्याची किंमत मनास कळत नाहीं. बटण दाबतांच धांवणारें खेळणें लवकरच कंटाळवाणें होतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, अडचण हा कांहीं सद्गुण नव्हे. जें काम कमी कष्टांत होतें तें अधिक कष्टांत करण्यांत पुण्य असेल, तर आगगाडी सोडून सर्वांनीं पायींच काशीस गेलें पाहिजे.

पहिल्या पक्षाकडे आपल्या मनाचा स्वाभाविक ओढा असतो. म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कडकपणें केली पाहिजे. आणि तिला आपल्याच घरांतील एक उदाहरण पुरेसें आहे. महाराष्ट्रांतील बायकांनीं पिढ्यान् पिढ्या पहांटे उठून जातें ओढलें आणि ओढतां ओढतां ओव्या गाइल्या. हेमा राईरकर व गी प्वातवॅं यांनीं पुण्यास राहून आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या श्रमांतून केवढें काव्य जन्मास आलें याची त्यावरून कल्पना येते. गांवांत पिठाची गिरणी आली आणि जातें मागें पडलें, तसा ओवीचा प्रसंगही गेला. हें नुकसान खरें आहे. पण गिरणी नसती आली तर बरें झालें असतें, असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा? ज्याच्या हातांस जात्याच्या खुंट्याचे घट्टे कधीं पडले नाहींत त्याचा तर खासच नव्हे. दुसऱ्याच्या कष्टांतील काव्याचें कौतुक करून ते कष्ट कायम राहावे अशी इच्छा धरणें हें रसिकपणाचें लक्षण नसून निष्ठुरपणाचें आहे.

या दाखल्यावरून एक भेद हातीं लागतो. श्रम दोन प्रकारचे असतात: लादलेले आणि निवडलेले. लादलेला श्रम हलका करणें हें नेहमींच श्रेयस्कर. त्यांत काव्य असलें तरी. निवडलेल्या श्रमाची गोष्ट निराळी. तेथें श्रम हा फळाकडे जाण्याचा केवळ मार्ग नसतो, तर फळाचाच एक भाग असतो. चढण वांचावी म्हणून डोंगरावर फिरावयास जाणाऱ्यास कोणी पाळण्यांत घालून शिखरावर नेलें, तर त्याला शिखर मिळालें पण फिरणें मिळालें नाहीं. खेळण्याची शुश्रूषा ही या दुसऱ्या जातीची असल्यानें तिचा लोप हा निव्वळ लाभ म्हणतां येणार नाहीं. पण ती निवडलेली असल्यामुळेंच, ज्यानें ती निवडली त्यालाच ती सोडण्याचीही मोकळीक आहे. सुया फिरविण्यांत ज्याला आनंद उरला नाहीं त्यानें त्या फिरवीत बसावें असा आग्रह धरणें म्हणजे निवडलेल्या श्रमाला लादलेल्या श्रमाची कळा आणणें होय.

येथवर विचार आला म्हणजे वाद मिटला असें वाटेल. परंतु आमच्या मतें मुख्य गोष्ट पुढेंच आहे. सोय आली म्हणजे काळजी संपली, हें जें सर्वजण गृहीत धरतात तेंच मुळीं खरें नाहीं. नायट्रोचें एंजिन हें बोलकें यंत्र आहे. मिश्रण विरळ झालें तर त्याचा आवाज चिरका होतो व धूर नाहींसा होतो. दाट झालें तर तें अडखळतें. बिघडण्यापूर्वी तें तक्रार करतें, आणि मालकाच्या हयगयीची शिक्षा बहुतेक स्वतःच भोगतें. लिथियमची बॅटरी ही मुकी आहे. तिच्या प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खालीं उतरला तर घट कायमचा जायबंदी होतो. तसेंच ती भरलेल्या स्थितींत महिनोन् महिने पडून राहिली तरी आंतून खराब होते. म्हणून ठेवावयाची असतां प्रत्येक घट सुमारें ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा लागतो. फाजील भरली, ठेंचली किंवा भोसकली गेली, तर ती पेट घेऊं शकते. यांपैकीं कशाचीही सूचना ती आवाजानें, वासानें किंवा धुरानें वेळेवर देत नाहीं. फुगलेली दिसली तर ती सूचना नव्हे, झालेल्या हानीचा पुरावा होय. आणि येथें चुकीचें फळ एका खेळण्यापुरतें राहत नाहीं. रात्रीं बॅटरी भरावयास लावून निजणाऱ्याच्या घराशीं त्याचा संबंध येतो.

यावरून दिसेल कीं परिवर्तनानें कर्तव्य नाहींसें झालें नाहीं. त्याचें रूप मात्र पालटलें. पूर्वी यंत्र हांक मारी आणि मनुष्य धांवत जाई. आतां हांक येत नसतांना त्यानें जावयाचें आहे. दाब फार उतरला कीं प्रवाह तोडण्याची योजना नियंत्रकांत असते हें खरें. म्हणजे मालकाच्या विवेकाचा एक अंश आपण यंत्रास दिला. पण बॅटरी कोठें ठेवावी, तिच्याजवळ जागें कोणीं राहावें, फुगलेली बॅटरी मोह सोडून केव्हां टाकावी, हें कोणतेंही यंत्र ठरवीत नाहीं. विनवणीवांचून केलेली काळजी ही विनवणीनंतर केलेल्या काळजीहून वरच्या पायरीची असते. रडणाऱ्या मुलाकडे सर्वांचें लक्ष जातें. जें मूल रडत नाहीं त्याच्याकडे पाहण्यास अधिक जागी माया लागते. सोय ही साधनेची शत्रु नव्हे. ती कठीण साधना आहे. मात्र ती साधना आहे हें कोणी सांगत नसल्यामुळें बहुतेकजण ती करीत नाहींत.

शेजाऱ्यांचा विचारही येथें टाळतां येत नाहीं. एंजिनाचा कर्कश आवाज व तेलकट धूर यांत चालविणाऱ्यास गोडी वाटत असेल, पण बाजूच्या घरांतील आजाऱ्यास ती वाटण्याचें कारण नाहीं. निवडलेला श्रम आणि लादलेला श्रम हा भेद येथेंही लागू पडतो: आम्हीं निवडलेला गोंगाट दुसऱ्यावर मात्र लादलेलाच असतो. या बाबतींत मोटरीचा पक्ष निर्विवाद सरस आहे. तथापि अंगणांतला धूर गेला म्हणून जगांतला धूर गेला अशी समजूत करून घेणें भाबडेपणाचें होईल. जेथें वीज कोळशावर निघते, आणि आपल्या देशांत तिचा मोठा भाग अद्याप कोळशावरच निघतो, तेथें धुराचा कांहीं अंश आपल्या डोळ्यांआड, वीजघराजवळ राहणाऱ्या लोकांच्या दारीं गेलेला असतो. येथेंही तोच धडा: जें दिसेनासें झालें तें संपलें असें नव्हे.

तेव्हां कोणताही श्रम टाकून सोय पतकरतांना तीन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. हा श्रम कोणाचा होता: स्वतः निवडणाऱ्याचा, कीं ज्याच्यावर तो लादला गेला त्याचा? त्यानें काय शिकविलें होतें? आणि तें शिक्षण यापुढें कोठें मिळणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘लादलेल्याचा’ असें आलें, तर श्रम टाकण्यास क्षणाचाही विलंब लावूं नये. बाकीचे दोन प्रश्न मागाहून सोडवावे. पण श्रम आपणच निवडलेला असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर हातीं असल्यावांचून तो टाकूं नये. ट्रकाचें एंजिन बदलणाऱ्या हौशी मनुष्याकडे तें उत्तर पुष्कळदां असतें. दांत्यांचें गणित मांडतांना, कागदाच्या पट्टीनें फट जुळवितांना, दांडा कां तुटला याचा शोध घेतांना त्यानें जुन्या विद्येचा उपयोग करून नवी विद्या मिळविलेली असते. त्याच्या मुलाच्या हातीं मात्र तो ट्रक आयताच येतो. त्या मुलाला एंजिनाची सेवा करावयास लावणें अवश्य नाहीं. पण खेळ आटोपल्यावर बॅटरीचा दाब मोजून ती तिच्या जागीं ठेवल्याशिवाय जेवावयास बसावयाचें नाहीं, एवढी संवय त्याला लावणें हें बापाचें काम आहे. आणि तें काम ब्रशलेस मोटरीनें तिळभरही हलकें झालेलें नाहीं.