न मोडण्याची किंमत

1978 साली शर्मन जेम्स हे साथरोगतज्ज्ञ नॉर्थ कॅरोलायनातल्या एका निवृत्त कृष्णवर्णीय शेतकऱ्याला भेटले. अर्धेलीनं जमीन कसणाऱ्यांच्या घरात वाढलेला, जेमतेम दुसरी शिकलेला हा माणूस चाळिशीत 75 एकरांचा मालक झाला होता. पन्नाशी सरेपर्यंत मात्र रक्तदाब आणि संधिवात मागे लागले, अल्सर इतका बळावला की जठराचा 40 टक्के भाग काढावा लागला. त्याचं नाव जॉन हेन्री. अमेरिकी लोककथेतला जॉन हेन्रीही कृष्णवर्णीय मजूरच. बोगद्याचा खडक फोडताना तो हातातल्या घणानिशी वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि तिथेच कोसळून मरतो. साधनं तुटपुंजी असताना निव्वळ कष्टांच्या जोरावर परिस्थितीला पुरून उरण्याच्या या वृत्तीला जेम्स यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ म्हटलं. त्यांचा अभ्यास रक्तदाबाचा होता. पण एवढं रेटताना मनाचं काय होत असेल, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

पुरुषानं रडू नये, घर चालवावं, ही शिकवण जगभर आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलाला तिच्यासोबत आणखी एक धडा मिळतो. पोलिसांनी गाडी थांबवली तर हात दिसतील असे ठेव, आवाज चढवू नकोस, चेहऱ्यावर राग आणू नकोस. हे सांगणाऱ्या आईबापांना लेकरू जिवंत घरी यायला हवं असतं. 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला ठार मारलं गेलं, तेव्हापासूनच्या आणि त्याही आधीच्या भीतीनं हा धडा घडवला आहे. म्हणून या पुरुषांचा गप्पपणा हा नुसता हट्ट मानणं अन्यायाचं आहे. त्या गप्पपणानं माणसं वाचवली आहेत.

त्याची किंमत आकड्यांत दिसते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधी तरी तीव्र नैराश्य आलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये 17.9 टक्के, तर आफ्रिकन अमेरिकन स्त्री-पुरुषांमध्ये 10.4 टक्के होतं. पण ज्यांना ते झालं, त्यांच्यात दीर्घकाळ टिकण्याचं प्रमाण गोऱ्यांत 38.6, तर कृष्णवर्णीयांत 56.5 टक्के. उपचार मिळालेले निम्म्याहूनही कमी.

आणि मोजपट्टी तरी पुरेशी आहे का? निदानाच्या अमेरिकी निकषांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी एक लक्षण असावंच लागतं. उदासीच्या जागी चिडचिड धरली जाते ती फक्त मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत. ज्याचं दुःख संताप, दारू किंवा अखंड काम या वाटांनी बाहेर पडतं, असा चाळिशीचा पुरुष या चाळणीतून सहज निसटतो. त्याच्या रागाचा अर्थ इतरांनी आधीच लावलेला असतो. जोनाथन मेट्झल यांनी मिशिगनमधल्या आयोनिया मनोरुग्णालयाची जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा दिसलं की नागरी हक्क चळवळीच्या काळात स्किझोफ्रेनियाचा शिक्का डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पुरुषांवर वाढत्या संख्येनं बसू लागला. 1974 मधल्या हॅल्डॉल या औषधाच्या जाहिरातीत तर मूठ आवळलेला, संतापलेला कृष्णवर्णीय माणूसच होता. त्यात 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं टस्कीगीत सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना मुद्दाम उपचारांविना ठेवलं गेलं, ही आठवण. दवाखान्यावरचा अविश्वास असा अनुभवातून आला आहे.

अलीकडे काही जण बोलू लागले आहेत. 2016 मध्ये रॅपर किड कडीनं नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांवर उपचार घेत असल्याचं जाहीर केलं, 2018 मध्ये बास्केटबॉलपटू डीमार डीरोझन आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. दोघांच्या धैर्याचं मोल मोठं आहे, तरी सगळा भार पुन्हा त्या पुरुषांच्याच हिमतीवर टाकणं म्हणजे नवा जॉन हेन्रीइझमच.

याहून आशादायक वाट लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांत दिसली. तिथल्या 52 दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांच्या रक्तदाबावर प्रयोग झाला आणि 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काही दुकानांत न्हाव्यांनी गिऱ्हाइकांना डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. तिथे वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला. इतर दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन औषधं देऊ लागले; तिथे तो 27 अंकांनी उतरला. ‘कन्फेस प्रोजेक्ट’सारख्या संस्था आता न्हाव्यांना मनाच्या दुखण्याबद्दल ऐकायला, बोलायला शिकवत आहेत. पण त्या खुर्चीत बसून कुणी मन मोकळं केलं, तर पुढचा उपचारही त्याच गल्लीत, परवडेल अशा खर्चात मिळायला हवा. तो देणारे, या पुरुषांचा राग ओळखणारे समुपदेशक तिथे पोचवणं हे सरकारचं आणि वैद्यकक्षेत्राचं काम आहे.