पालखीचा खांदा

देवा भैरोबा, नवी मुंबईत, बोनकोड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीतून तुला हाक मारतोय. इथून पाटण खोरं कुठलं दिसायला, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसते. अदमासाने तुझ्या दिशेला हात जोडतो, चुकलं तर पदरात घे.

आज तुझ्या देवळात दिवा लागला का? गुरवकाका होते तोवर हे विचारावं लागलं नाही. आता नानी संध्याकाळी काठी टेकत पायऱ्या चढते, वात तेलात भिजवते, वाऱ्याला पाठ करून काडी ओढते. कधी तीन काड्या जातात. तिच्या गुडघ्यांना बळ दे, देवा. तिच्यानंतर कोण, हे तिला विचारायचं धाडस मला होत नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आमचं घर बसलं. ढिगाऱ्यातून आजीने आधी पोरं काढली, मग तुझा टाक काढला. पावसाळा छपराखाली काढला, पण गाव सोडलं नाही. भूकंपाने जे मोडलं नाही, ते मनिऑर्डरींनी हळूहळू रितं झालं. आधी एकेक बापय मुंबईला गेला, मागून बायका गेल्या, पोरं गेली. शाळेचा पट सातावर आला आणि एका जूनमध्ये शाळेचं दार उघडलंच नाही. वरच्या आळीत आता कुलपं गंजलीत. नाचणीच्या वावरात रान माजलंय, गवे घराच्या उंबऱ्यापर्यंत येतात.

मुंबईने दिलेल्या भाकरीबद्दल माझी तक्रार नाही. आबांनी वाशीच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या, म्हणून मी शिकलो. 1969 चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटील ही नावं आमच्या घरात देवाइतक्याच आदराने घेतात. फक्त जिथून ही पाठ आली, तिथे आज पाठीवर घ्यायला मूल नाही, हे मला सलतं. घाटाखाली तरी काय वेगळं? 2001 ते 2011 या दहा वर्षांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात 80 हजारांहून जास्त माणसं कमी झाली. तिथल्या वाड्यांमधल्या देवळांतही कुणीतरी म्हातारं काठी टेकत चढत असेल. त्यांनाही सांभाळ.

आणि देवा, माझ्या घरमालकीण आजींना विसरू नकोस. त्या याच गावच्या, आगरी. खिडकीतून बोट करून दाखवतात, तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. आज गाड्या लागतात. खाडीकडे मिठागरं होती. 1970 मध्ये सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानला जमिनीचा मोबदला मागणाऱ्या पाच जणांना गोळ्या लागून मरण आलं. ते सांगताना आजी अजून पदर तोंडाला लावतात. आमचं गाव माणसांवाचून गेलं, त्यांचं माणसांखाली गेलं. आणि मी त्यांच्या गेलेल्या शेताच्या कडेला बसून माझ्या गावासाठी रडतो. त्यांच्या गावदेवीला माझा नमस्कार पोचव. तिने आम्हा परक्यांना जागा दिली.

सगळी माणसं परत आण, असं मागत नाही. मी तरी कायमचा परत येईन का? तुझ्यापुढे खोटं बोलवत नाही. पोरीची शाळा इथे आहे, हप्ते इथे आहेत. एवढंच मागतो: मुक्कामाची एसटी बंद पडू देऊ नकोस, कारण नानीचं औषध तिच्यातूनच येतं. विहिरीचं पाणी टिकव. कुणी एखादं पोरगं स्ट्रॉबेरीचं म्हण, शेळ्यांचं म्हण, काही मनात धरून गावात राहायला निघालं, तर त्याला बायको मिळू दे. हसू नकोस, देवा, पोरं याच एका कारणाने गाव सोडताना मी पाहिलीत.

मागच्या यात्रेला तुझी पालखी उंबऱ्याशीच अडली. चार खांदे भरेनात. मुंबईकरांची गाडी घाटात अडकली होती, आणि नाना, नानी, सगळी पांढरी डोकी गुलाल हातात धरून रस्त्याकडे बघत बसली. गाडी पोचली तेव्हा दिवस कलला होता. उजवीकडचा पुढचा खांदा आबांचा असायचा. गोण्यांनी घट्टे पडलेला तो खांदा ते तुझ्यासाठी आदल्या रात्री तेलाने चोळून घ्यायचे. आता त्यांना हात वर नेता येत नाही.

चैत्राची रजा मी आजच टाकली आहे. दोन दिवस आधी येतो. माझा खांदा मऊ आहे, खुर्चीत बसून बसून. तरी आबांच्या जागेवर मला उभा कर.